शेतकऱ्याच्या बायकोचं लेणं

डांगे चौकातून रावेत, मुकाई चौक करत देहूरोड गाठलं आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात एक बोडकी टेकडी आडवी येते. आमच्या थेरगावात कुणालाही विचारा, ‘घोरावडेश्वर’ म्हणून सांगेल. महाशिवरात्रीला इथं जत्रा भरते. एरवी सकाळी पाय मोकळे करायला येणारे असतात, आणि तुकोबांच्या भंडारा-भामचंद्राच्या जोडीनं या डोंगराचंही नाव घेणारे वारकरी असतात. मी मात्र या टेकडीला वर्षानुवर्षं फक्त वळसा घातला. लोणावळ्याला जाताना इथं गाडीचा वेग कमी करावा असं कधी वाटलं नाही.

टेकडीच्या पोटात शेलारवाडीची लेणी आहेत, आणि त्यातल्या एका लेण्यावर ब्राह्मी अक्षरांत एका बाईचं नाव आहे. मजकूर चार ओळींचा. धेनुकाकट गावी राहणारा ‘हालकिय’, म्हणजे नांगर धरणारा, ‘कुडुबिक’ उसभणक. त्याची ‘कुडुबिनी’ सियागुतनिका. तिनं आपला मुलगा नंद गहपती याच्यासह हे लेणं दान दिलं. संपलं. कुडुबिक म्हणजे कुटुंबी, आणि आपला कुणबी हा शब्द त्याच घरातला. उसभ म्हणजे ऋषभ, बैल. नांगरधाऱ्याचं नाव बैलावरून ठेवणाऱ्या त्याच्या आईबापांना दाद द्यावीशी वाटते.

आपल्याकडे देवळात गेलं की पायाखालच्या फरशीवर, भिंतीतल्या बाकावर, छताच्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं: ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. शहाणी माणसं त्याला हसतात. मीही हसायचो. पण मावळातल्या लेण्यांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा हिस्सा याच हौसेतून आलाय. राजांनी आपली चरित्रं कोरून ठेवली असती तर त्यांची स्तुती कळली असती. देणगीदारांनी नावं कोरली म्हणून लोक कळले.

सियागुतनिकेपर्यंत नीट पोचायचं, तर आधी तिला ओलांडून पुढं जावं लागतं. भाज्यापासून सुरुवात करायची आणि उताराच्या दिशेनं घराकडं यायचं. एका रविवारी आईला गाडीत घेतलं. तिला कार्ल्याच्या एकवीरेला जायचं होतं, मला लेण्यांना. सौदा जमला.

पुण्याहून कोकणात उतरायचं तर बोरघाट चुकत नाही. १८३० साली इंग्रजांनी तिथून गाडीरस्ता काढला, १८६३ साली रेल्वेनं तोच डोंगर चढला, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. तिघांनी खिंड शोधून काढली असं नव्हे. ती दोन हजार वर्षं वापरातच होती. खाली कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं, वर जुन्नर, पैठण, तेर ही बाजारगावं. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची वाटाड्या-वही लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. कुठं काय विकलं जातं, कुठं खडक आहेत, कुणापासून सांभाळायचं, असा रोखठोक मामला. त्यात कल्याण आहे, चौल आहे, पैठण आणि तेरही आहे. बैलांचे तांडे घाट चढून मावळात टेकत, आणि जिथं ते टेकत तिथंच डोंगरात लेणी आहेत. जगापासून पळालेल्या संन्याशांची ही घरं असती तर ती इतकी रस्त्याला चिकटून नसती.

घरं मात्र ती होतीच. भिक्षूनं फिरत राहावं, एका जागी मूळ धरू नये असा नियम. पण पावसाळ्यात हिंडलं तर पिकं तुडवली जातात, किडेमुंग्या मरतात. म्हणून त्या दिवसांत एका ठिकाणी मुक्काम, वर्षावास. मावळातला पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय त्याला निवाऱ्यासाठी खडकच का निवडला हे समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या वाळवंटी मुलखात, कोलोराडोतल्या मेसा वर्दे इथं, कड्याच्या कपारीत दगडमातीची अख्खी वस्ती बांधलेली आहे. तिथल्या सर्वांत मोठ्या समूहात दीडशेच्या आसपास खोल्या आहेत आणि तो तेराव्या शतकातला आहे. ते लोक कपारीत घर बांधत होते. आपल्याकडच्या पाथरवटांनी कपारीची वाट पाहिली नाही. बेसॉल्टचा अखंड कडा घेतला, लोखंडी छिन्नीनं वरून खाली पोखरत आले आणि जे नको ते काढून टाकलं. बांधकामात चूक झाली तर दगड बदलता येतो. इथं बदलायला दगडच नाही.

भाज्याची लेणी विसापूरच्या पायथ्याला, एकूण २२, आणि त्यांची सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. चैत्यगृहात शिरलं की खांबांकडे बघावं. ते सरळ उभे नाहीत, वर जाताना आत कललेले आहेत. लाकडी सभागृहात छताचा भार बाहेर ढकलतो, म्हणून खांब आत कलवून रोवावे लागतात. दगडात त्याची काडीची गरज नव्हती. पण खोदणाऱ्यांच्या हाताला सुतारकामाची सवय होती, आणि सवय दगडात उतरली. छताला तर खऱ्या सागवानी कमानी बसवल्या; दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड अजून वर आहे. त्या कमानींवर कोरलेली ब्राह्मी अक्षरं म. न. देशपांडे यांना सापडली. पुढं ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. त्यांच्याआधी किती जणांनी त्या छताकडे मान वर करून पाहिलं असेल, आणि अक्षरं तिथंच होती.

पलीकडं १४ लहान स्तूप दाटीनं उभे आहेत, पाच आत आणि नऊ बाहेर. ही इथल्या थेरांची, म्हणजे वडीलधाऱ्या भिक्षूंची स्मारकं. धम्मगिरी, अंपिकिणक, संघदिन अशी नावं त्यांवर आहेत. शेवटच्या विहारात रथावरचा देव आणि हत्तीवरचा देव कोरलेत. सूर्य आणि इंद्र असं बहुतेक जण म्हणतात, काही विद्वान वेगळी कथा सांगतात. आईनं हत्तीनं सोंडेनं उपटलेलं झाड बघितलं आणि म्हणाली, “गव्हाची ओंबी उपटावी तसं उपटलंय.”

भाज्यात एक पाण्याचं टाकं आहे. ‘पोढी’ हा त्याचा जुना शब्द. ते महारठी कोसिकीपुत विण्हुदत यानं दिलेलं. महारठी म्हणजे मोठा सरदार, आणि त्याचं दान काय, तर पाण्याची टाकी! चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडा कडा, अशा ठिकाणी पाणी साठवून देणाऱ्याला पुण्य लागणारच. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या वाकड-थेरगावच्या सोसायट्यांना हे वेगळं सांगायला नको. याच भाज्यात आणखी एका दानाची नोंद आहे: बाधा, हालिकाची जाया. हीसुद्धा नांगऱ्याची बायको. सियागुतनिका एकटी नव्हती.

बेडसं वाकडी वाट करून गाठावं लागतं. कामशेतवरून पवनानगरच्या रस्त्यानं जायचं, मग पायऱ्या. इथलं खोरं पवनेचं. आमच्या थेरगावात केजूदेवी बंधाऱ्यावरून जे पाणी पडतं ते याच मुलखातून आलेलं. म्हणून मी बेडशाला घरचं लेणं मानतो. खडकाची एक अरुंद फट, तिच्यातून आत गेलं की एकदम पंचवीसेक फूट उंचीचे चार खांब समोर येतात. वर घोडे, हत्ती, बैल, आणि त्यांवर बसलेली स्त्रीपुरुषांची जोडपी, निवांत, जणू जत्रेहून परतताहेत. यातलं एक दान नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक याचं. नाशिकच्या शेठजीच्या पोराला मावळात पैसे खर्चावेसे वाटले, म्हणजे त्याचा माल या वाटेनं जात असणार. हा माझा तर्क, पण फार लांबचा नाही.

त्याहून मला गोभूतीचा स्तूप आवडतो. गोभूती अरण्यात राहणारा, भिक्षेवर जगणारा, मारकुडचा रहिवासी. त्याच्यासाठी हा स्तूप त्याचा शिष्य असाळमित यानं केला. बस एवढंच. गुरूनं आयुष्यभर काही साठवलं नाही आणि शिष्यानं त्याच्या नावानं दगड राखला. १८६१ च्या सुमारापर्यंत या लेण्यांची रंगरंगोटी चालू होती. गोरे साहेब बघायला येतात म्हणून स्थानिक अधिकारी उत्साहानं डागडुजी करवत, आणि त्या साफसफाईत जुन्या गिलाव्याबरोबर भिंतीवरची चित्रं गेली. पाहुणे येणार म्हणून घर आवरताना आजोबांची वही रद्दीत जावी, तसंच.

कार्ल्याला पायऱ्या साडेतीनशेच्या घरात. दोन्ही बाजूंना हारफुलं, ओटीची तबकं, कोळीवाड्यातून आलेल्या पालख्या. पांडवांनी हे एका रात्रीत कोरलं असं इथं ऐकू येतं. आई देवीच्या रांगेत उभी राहिली, मी शेजारच्या चैत्यगृहात शिरलो. देऊळ आणि लेणं इतकं खेटून आहे की आरतीची घंटा स्तुपापर्यंत येते.

हे देशातलं सर्वांत मोठं चैत्यगृह. लांबी सुमारे ३८ मीटर, रुंदी १४, उंचीही जवळपास तेवढीच. ३७ खांब. स्तुपावर लाकडी छत्री, छताला लाकडी कमानी. दारातच लिहिलंय की वैजयंतीहून आलेल्या भूतपाल शेठीनं हे शैलगृह पुरं केलं आणि जंबुद्वीपात याच्यासारखं उत्तम दुसरं नाही. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. जाहिरातीची भाषा दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही, फक्त इथं माल खरोखर तसा आहे.

पण भूतपाल एकटा नव्हता. खांबाखांबावर वेगवेगळी नावं आहेत. सिंहध्वज नावाचा यवन, धम्म नावाचा यवन: दोघेही धेनुकाकटचे. यवन म्हणजे ग्रीक, निदान त्या बाजूचे परदेशी. नावं मात्र पार देशी होऊन गेलेली. गंधिक, म्हणजे अत्तरविक्या, सिंहदत्त. तोही धेनुकाकटचा. आणि वेणुवासाचा मुलगा सामी, ‘वढकी’. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात सुताराला अजून वाढई म्हणतात. या सामीनं पैसे दिल्याचं लिहिलेलं नाही, दाराचं काम केल्याचं लिहिलंय. कामगारानं आपल्या कामावर आपलं नाव टाकलं आणि शेठ-सरदारांच्या ओळीत ते राहू दिलं गेलं. चाकण-भोसरीत आयुष्यभर सुटे भाग बनवणाऱ्या माणसांना मी ओळखतो. त्यांतल्या कुणाचंही नाव त्यानं बनवलेल्या भागावर नाही.

याच भिंतींवर एका लढाईचे कागदपत्रही आहेत. क्षहरात क्षत्रप नहपान गुजरात-कोकणापासून नाशिक-मावळापर्यंत पसरला होता. त्याचा जावई उसवदात, दिनीकाचा मुलगा, हा हात सैल असलेला माणूस. तीन लाख गाई दिल्या, देवाब्राह्मणांना सोळा गावं दिली, असं तो स्वतःच सांगतो. कार्ल्याला त्यानं वलूरकच्या लेण्यांत वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिलं. वलूरक हे कार्ल्याच्या लेण्यांचं तेव्हाचं नाव.

मग सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णी आला आणि नहपानाचा पाडाव झाला. कसा, ते १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला निघालेल्या हंड्यानं सांगितलं: नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप मारलेला. नाणी वितळवायचीही तसदी घेतली नाही, जुन्या राजाच्या तोंडावर नव्याचा शिक्का. मावळातही तेच झालं, पण सौम्यपणे. कार्ल्यात गौतमीपुत्राची आज्ञा आहे, मामाल इथल्या अमात्याला उद्देशून: करजक गाव वलूरकच्या भिक्षूंना द्यावं. तेच गाव, तेच भिक्षू, फक्त देणारा बदलला. हरलेल्याचं दान जिंकलेल्यानं रद्द केलं नाही, आपल्या नावावर करून घेतलं. आपल्याकडच्या योजनांची नावं बदलतात तेव्हा मला हा अमात्य आठवतो. आणि ‘मामाल’ म्हणजे आपलं मावळ. तो शब्द किमान एकोणीसशे वर्षं सरकारदरबारी आहे.

या दानांवर भिक्षूंचं चाले कसं, याचा हिशेब कार्ल्यात मिळत नाही, नाशिकच्या पांडवलेण्यात मिळतो. तिथंही उसवदातच. त्यानं ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेण्यांकडे कायमचे ठेवले. २,००० वर महिना शेकडा एक व्याज, १,००० वर महिना शेकडा पाऊण. मुद्दल कधी काढायचं नाही, व्याज खायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं २४०. वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हिशेब शेवटच्या नाण्यापर्यंत जुळतो. मुदत ठेव आणि पतपेढी या गोष्टी आपण साहेबाकडून शिकलो असं कुणी म्हणालं, तर त्याला नाशिकला पाठवावं.

आता धेनुकाकट. कार्ल्याचे निम्मे देणगीदार तिथले, शेलारवाडीची सियागुतनिका तिथली, आणि हे गाव नकाशात नाही. कुणी ते थेट आंध्रात नेऊन ठेवलं. दामोदर धर्मानंद कोसंबींना हे पटेना. गोव्यात १९०७ साली जन्मलेले कोसंबी मूळचे गणिती. पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला टाटा संस्थेत जायचे, आणि सुटी मिळाली की पायी मावळ तुडवायचे. गारगोट्यांची सूक्ष्म हत्यारं, शेंदूर फासलेल्या आया, जुन्या वाटा, सगळं त्यांच्या पिशवीत आणि वहीत. १९५० च्या दशकात त्यांनी कार्ल्याचे खांब पुन्हा निरखले आणि धेनुकाकट लेण्यांच्या जवळपासच असलं पाहिजे असं मांडलं. मला त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार सियागुतनिका वाटते. यवन व्यापारी कुठूनही येईल, अत्तरवालाही येईल. पण ज्याच्या दावणीला बैल आहेत आणि ज्याची पेरणी खोळंबलीय, त्या माणसाची बायको लेणं खोदून घ्यायला आंध्रातून देहूरोडला कशाला येईल?

गाव सापडो न सापडो, इथल्या माणसांची नावं तरी आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांपुढे उभं राहिलं की नेमकं याच्या उलटं वाटतं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर मासे, वाघ, माणसं, कशेळीला तर अठराएक मीटरांचा हत्ती. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती ज्यांनी कोरली त्यांच्याकडे लिपी नव्हती. चित्र प्रचंड आणि माणूस पूर्ण अनामिक. मावळात चित्रं त्या मानानं थोडी, पण प्रत्येक कोपऱ्यात कुणीतरी आपलं, बापाचं, गावाचं नाव सांगत उभं आहे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मीचं कोडं सोडवेपर्यंत ते सांगणं ऐकू येत नव्हतं. नंतर भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख १८८१ साली छापले, आणि नांगऱ्यांच्या बायका, सुतार, अत्तरवाले एकदम छापील पानावर आले.

परतताना ऊन उतरलं होतं. घोरावडेश्वरच्या पायऱ्या आईनं तीन ठिकाणी बसत चढल्या. वरून एकीकडं गहुंज्याचं क्रिकेटचं मैदान दिसतं, द्रुतगती मार्गावरची मालमोटारींची रांग दिसते. टेकडी दोन नद्यांच्या मधे आहे, अलीकडं पवना, पलीकडं इंद्रायणी. चैत्यात स्तुपाच्या जागी महादेवाची पिंड आहे. मधल्या शतकांत कधीतरी स्तूप गेला आणि पूजा चालू राहिली. आईनं हात जोडले, नंदीला हात लावला.

मग मी तिला लेख दाखवला. अक्षरं झिजलीत. मी बोट फिरवत वाचल्यासारखं केलं. खरं तर पाठ होतं. धेनुकाकटचा नांगऱ्या उसभणक, त्याची बायको सियागुतनिका, मुलगा नंद.

“नवऱ्याचं नाव आधी?”

“हो. पण दान हिचं आहे. नवऱ्याचं नाव नुसतं ओळखीपुरतं.”

आई लेण्याच्या उंबऱ्यावर टेकली. लग्न होऊन थेरगावात आली तेव्हा घरची दोन एकर भातशेती होती, आता त्या जागी इमारत आहे. आतल्या खोलीकडं, दगडी ओट्याकडं तिनं बराच वेळ बघितलं. एवढं खोदायला किती महिने लागले असतील, किती मजुरी गेली असेल, असलं काहीतरी मनात चाललं असावं.

“एवढा पैसा आणला कुठनं असंल रं हिनं?”

“कसं सांगणार?”

“भिशी लावली असंल,” आई म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.